बोंडांचं सायडर

"वाच. मोठ्यान वाच," मामंजी म्हणाले आणि पाकीट माझ्या हातात देऊन आरामखुर्चीत बसले.

मामंजी म्हणजे माझे सासरे, वामन आरोलकर. सत्तावीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते. इंग्रजी फाडफाड बोलायचे, पण कुणाचं हाताने लिहिलेलं वळणदार अक्षर त्यांना लागत नसे. ती पत्रं आमचे पोस्टमास्तर वाचून दाखवायचे आणि उत्तरंही तेच लिहायचे. ते आठवडाभर रजेवर गेले होते, म्हणून मला बोलावणं आलं. लग्न होऊन चौदा महिने झाले होते आणि मामंजींनी मला आपणहून हाक मारायची ती दुसरी वेळ. पहिल्यांदा मारली होती ती गाय सुटली म्हणून.

पत्र ब्रिस्टलहून आलं होतं. हॉब्स नावाचा त्यांचा बोटीवरचा जुना सोबती. मी जमेल तसं मराठीत सांगत गेले.

"लिहिलंय, मे महिन्यात सुट्टीला गोव्याला येतोय. चौदा तारखेला तुमच्याकडे येणार. म्हणतायत, तीन वर्षं तू मला तुझ्या घरच्या सायडरची वर्णनं लिहून पाठवतोयस. सोन्यासारखा रंग, मऊ, घशाला लोण्यासारखं. माझ्या वडलांच्या सायडरपेक्षा काकणभर सरस, असं तूच लिहिलंस. तेव्हा मी भेट म्हणून काही आणणार नाही. फक्त तहान घेऊन येईन."

मी मान वर केली. मामंजींचा चेहरा पांढरा पडला होता.

"सायडर म्हणजे काय?" मी विचारलं.

"सफरचंदाच्या रसाचा करतत. आंबवतत. दारूसारखा कडक नाय, बियरसारखा कडू नाय." त्यांनी पत्राकडे बोट केलं. "हेच्या बापाशीची सफरचंदाची बाग होती. बोट ब्रिस्टलाक लागली की मी तेंच्या घराक जाय. म्हाताऱ्यान माका सगळा शिकवल्यान."

"आणि तुम्ही इथे करता?"

"करतंय." मग कमरेची किल्ली चाचपत म्हणाले, "होवक नाय. एकदाय होवक नाय."

तेव्हा मला सगळं कळलं. आमच्या परसात सफरचंदं कुठली? पण काजूची दीडशे झाडं होती. बी काढून घेतली की बोंडं, म्हणजे बीवरचं रसाळ फळ, झाडाखाली टाकून द्यायची. गुरांनी खाल्ली तर खाल्ली, नाही तर सडायची. मामंजींनी विचार केला होता की रस तो रस. गेली तीन वर्षं मागच्या खोलीला कुलूप लावून ते जे काही करायचे, त्याला गाव हसायचं. आदल्या वर्षी तर सात बाटल्या एकापाठोपाठ फुटल्या आणि शेजारची माणसं चोर आले म्हणून काठ्या घेऊन धावली होती.

"ह्या कोणाक सांगू नको," ते म्हणाले.

"मला दाखवाल?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या मनातली सून नव्हते. माझी आई, चंद्रभागा, ओढ्यापलीकडच्या वाडीतली. काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायची. मी दहावी करून फळप्रक्रिया केंद्रात बाटल्यांना लेबलं चिकटवत होते, तिथे त्यांच्या मुलाची, उदयची आणि माझी ओळख झाली. दोन घरांमधला फरक गावात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मामंजींनी लग्नाला नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. उदय बोटीवर निघून गेला आणि मी त्या घरात राहिले. आई लग्नानंतर एकदाच आली होती. पुढच्या दाराने नव्हे, गोठ्याकडून. मागच्या पायरीवर उभ्याउभ्या चहा पिऊन गेली. कुणी तिला बस म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही.

मामंजींनी कमरेची किल्ली काढली.

मागच्या खोलीत सुताराकडून करून घेतलेलं लाकडी दाबयंत्र होतं आणि काचेचे चार मोठे बुधले. प्रत्येकाच्या बुचातून सलाईनची नळी निघून पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. पाण्यातून बुडबुडे येत होते, एकेक करून, अगदी सावकाश. त्यांनी एका बुधल्यातून कपभर काढून दिलं. रंग गढूळ. वास मात्र सुंदर. एक घोट घेतला आणि मला जो ठसका लागला तो थांबेचना. बोंड खाल्लेल्या कुणालाही ही खवखव माहीत आहे. घशाला आतून कुणी झाडूने घासावं तशी.

"कळला?" मामंजी म्हणाले. "आंबता बरोबर. गोडी बरोबर. पण ही खवखव काय जाणा नाय. सफरचंदाक हो दोष नाय."

चौदा मेला पस्तीस दिवस उरले होते. मी म्हटलं, "करून बघूया."

बोंडं उकडून रस काढला, तर त्याला उकडलेल्या भोपळ्याचा वास यायला लागला. मिठाच्या पाण्यात भिजवून काढला, तर खारट आणि वर खवखव तशीच. साखर वाढवली, तेव्हा पहिला घोट बरा लागला आणि दुसऱ्याला दोघेही खोकलो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून बघून म्हणाल्या, "दोघांय खुळावलास." दहा दिवस असे गेले. मामंजींचा उत्साह ओसरत चालला. एका दुपारी म्हणाले, "तार कर हॉब्साक. मी आजारी आसंय म्हणान कळव."

"अजून चार दिवस द्या मला," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून आईकडे गेले.

आई अंगणात बसून हाताला राख चोळत होती. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं. तिची बोटं कायम काळी आणि सोललेली असायची. मी तिला सगळी हकिकत सांगितली. ती हसायला लागली.

"अगो, एवढां शिकलंस आणि ह्या येत नाय तुका? ल्हान असताना बोंडांचो रस तांब्याभर पियत होतंस. खोकलंस कधी?"

मी आठवून बघितलं. खरंच, मी कधी खोकले नव्हते.

"कित्याक नाय खोकलंस? मी तेच्यात पेज घाली होतंय."

"पेज?"

"तांदळाची. एकदा रसाच्या टोपात हातातली पेज सांडली. आता टाकतलां कित्याक, म्हणान तसोच ठेवलंय. घटकाभरान बघतंय तर सगळो गाळ खाली आणि वर रस कसो, नितळ. चाखून बघलंय, तर खवखव गेलेली. मगे दरवर्षी तसाच करी होतंय. तुमका पोरांका खावक दुसरा काय होता त्या दिवसांनी?"

ती उठली. अंगणाच्या कडेला पडलेली पाच-सहा बोंडं पिळली, सकाळची पेज मडक्यात होती तिच्यातली वाटीभर रसात ओतली, ढवळली आणि म्हणाली, "बस आता. ह्याच्याकडे बघू नको. बघत बसला तर निवळणा नाय."

मी बघतच बसले. आधी रस दुधासारखा झाला. मग त्यात बारीक बारीक गुठळ्या दिसायला लागल्या, नासलेल्या दुधासारख्या, आणि त्या एकेक करून खाली बसायला लागल्या. अर्ध्या तासात वर पिवळाधमक रस आणि तळाला मळका थर. आईने फडक्यातून गाळून मला दिला. मी प्यायले. घसा शांत. मी अजून प्यायले आणि मग आईला मिठी मारली तशी ती ओरडली, "हात लागतले तुझ्या लुगड्याक, काळां जातलां!"

मी जवळजवळ धावतच घरी आले. मामंजी पडवीत बसले होते. मी एका दमात सांगितलं की पेज घालायची, गाळ बसतो, खवखव जाते.

"कोणी सांगल्यान तुका?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आणि वाटेत मी उत्तर ठरवलं नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. वाटलं, ओढ्यापलीकडच्या मडक्यातली पेज म्हटली तर हे दाबयंत्राला हातसुद्धा लावणार नाहीत.

"फळप्रक्रिया केंद्रात असंच करायचे," मी म्हणाले. "आत्ता आठवलं."

केंद्रात मी लेबलांखेरीज कशाला हात लावला नव्हता.

मामंजी ताडकन उठले. "असो काय! मगे एवढे दिवस काय करी होतंस?" आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे आज पस्तीस वर्षांनी सांगताना मला लाज वाटत नाही. पहाटे पडलेली ताजी बोंडंच घ्यायची, मातीला लागलेली नाही. धुऊन, पुसून दाबायची. पेज घालून निवळवायची. मग बुधल्यात. मामंजी मला शिकवत होते आणि शिकवताना वीस वर्षांनी तरुण होत होते. बुधल्याला कान लावून म्हणायचे, "आईक. बोलता तो." खरंच आतून बारीक चुरचुर ऐकू यायची. नळीतले बुडबुडे पहिल्या दिवसांत भराभर यायचे, मग संथ झाले, मग एक बुडबुडा आला की दुसऱ्याची वाट बघावी लागायची. "आता बाटल्यांत भर," ते म्हणाले, "पण बुडबुडे येवक बाटलीक साखर अर्धो चमचो. ग्येल्या वर्साक दोन घातलंय म्हणान फुटले." बोटीवरून जमवलेल्या, तारेच्या पकडीने बूच घट्ट बसणाऱ्या चोवीस बाटल्या होत्या. आम्ही दोघांनी त्या भरल्या आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या.

रोज संध्याकाळी ते मला बोटीवरच्या गोष्टी सांगायचे. मी ऐकायचे, हसायचे आणि आत कुठेतरी टोचत राहायचं. आईला मी निरोपसुद्धा पाठवला नाही की जमलं म्हणून.

चौदा तारखेला दुपारी तीन वाजता हॉब्स आले. उंच, वाळके, नाक उन्हाने लाल झालेलं, एका पायाने जरा लंगडत. दोघे म्हातारे अंगणातच एकमेकांच्या गळ्यात पडले. गावातली दहा-बारा माणसं आधीच येऊन बसली होती. सगळ्यांत पुढे पोस्टमास्तर. तीन वर्षं ती थापांची पत्रं त्यांनीच लिहिली होती, आणि आता काय होतं ते बघायला ते धुतलेलं धोतर नेसून आले होते.

बाटल्या सकाळपासून टोपलीत घालून विहिरीत सोडल्या होत्या. मी पहिली काढून आणली. मामंजींनी ती फडक्याने पुसली. त्यांनी तार सोडली आणि बूच असं उडालं की पोस्टमास्तर खुर्चीसकट मागे सरकले. मामंजींनी पेल्यात ओतलं. पिवळंधमक, आरपार दिसणारं, आणि तळातून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे वर येणारे. पिकल्या बोंडाचा वास सगळ्या पडवीत पसरला.

हॉब्सनी पेला उजेडात धरला. हुंगला. एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. मग त्यांनी घोट गिळला, काही न बोलता उरलेला पेला एका दमात संपवला आणि मामंजींच्या समोर धरला.

"अजून," ते इंग्रजीत म्हणाले. "बोलायचं नंतर बघू."

पडवीत एकच गलका झाला. मी पेले भरत गेले. पेरूसारखं, मधासारखं, थोडं आंबट, जिभेवर चुरचुरणारं आणि घशातून अलगद उतरणारं. आत्याबाईंनी सुद्धा स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून अर्धा पेला घेतला आणि म्हणाल्या, "बरा लागता मेला." पोस्टमास्तरांनी तीन पेले घेतले आणि जाहीर केलं की पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

हॉब्स मामंजींना म्हणाले, "आज सकाळी गोव्यात मी हेच फळ खाल्लं. अर्धा तास खोकत होतो. ते घशाला लागणारं तू कसं काढलंस? माझ्या वडलांना सुद्धा हे जमलं नसतं."

मामंजींनी छाती पुढे काढली. सगळ्यांना कळावं म्हणून आधी इंग्रजीत आणि मग आपल्या भाषेत सांगितलं, "ही माझी सून. सायन्स आसा तेच्या मागे. सरकारी केंद्रात शिकली."

सगळे माझ्याकडे वळले. टाळ्या वाजल्या. लग्न झाल्यापासून ज्या गोष्टीची मी वाट बघत होते ती अशी समोर उभी होती, आणि मला फक्त गप्प राहायचं होतं.

हातातली बाटली मी खाली ठेवली.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला. "केंद्रात मी लेबलं चिकटवायचे. ही माझ्या आईची युक्ती. तिच्या घरातल्या पेजेने पहिला रस निवळला. आईचं नाव सांगितलं तर तुम्ही घेणार नाही, असं मला वाटलं. म्हणून तिचं नाव मी लपवलं."

कुणीतरी खाकरलं. मामंजी माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. त्यांनी पेला चौथऱ्यावर ठेवला, पायात वहाणा सरकवल्या आणि पायऱ्या उतरून निघून गेले.

"झाला," पोस्टमास्तर पुटपुटले.

हॉब्सना काही कळलं नव्हतं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना एवढंच सांगितलं की मामंजी येतील. येतील की नाही हे मलाच माहीत नव्हतं. माणसं उठावं की बसावं अशा बेतात होती. आत्याबाईंनी कांद्याची भजी तळायला घेतली. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. मी पायरीवर बसून राहिले. रडू आलं नाही, हे मला आजही आठवतं. उलट फार दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखं वाटत होतं.

तासाभराने काजूच्या झाडांमधून दोन माणसं येताना दिसली. पुढे मामंजी. त्यांच्या हातात आईची कारखान्याची पिशवी. मागे आई, कामावरच्याच लुगड्यात, डोक्यावर पदर घट्ट ओढून. त्यांनी तिला कारखान्याच्या फाटकावर, सुटण्याच्या भोंग्याची वाट बघत उभं राहून गाठलं होतं, हे मला नंतर कळलं.

अंगणात आल्यावर आई सवयीने गोठ्याकडे वळली.

"थयसून नको," मामंजी म्हणाले. "हयसून या. चार पायऱ्या आसत, सांभाळान."

त्यांनी तिला स्वतःच्या आरामखुर्चीत बसवलं. ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसली, हात पदराखाली लपवून. मामंजी हॉब्सकडे वळले आणि इंग्रजीत बोलायला लागले. मला समजलं तेवढं सांगते.

"तीन वर्षं मी तुला खोटं लिहिलं. एकसुद्धा बाटली पिण्यासारखी झाली नव्हती. ही बाई माझी विहीण. सायडर हिचं आहे. ही पोरांना नितळ रस पाजत होती आणि मी दोन शेतांपलीकडे बसून डोकं फोडून घेत होतो, कारण हिला विचारावं असं माझ्या मनातच आलं नाही."

हेच त्यांनी मग मालवणीतही सांगितलं, सगळ्या गावासमोर, आवाज जराही खाली न आणता.

हॉब्स उठले. लंगडत आईसमोर गेले आणि हात पुढे केला. आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने पदराखालून हात काढला, काळा, सोललेला, आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मामंजींनी नवी बाटली उघडली, स्वच्छ पेला भरला आणि आईच्या पुढे केला.

"बघा," ते म्हणाले. "तुमी सांगा."

आईने आयुष्यात असलं काही चाखलं नव्हतं. तिने एक घोट घेतला. डोळे बारीक केले. बुडबुडे नाकात गेले म्हणून शिंकली, तेव्हा सगळे हसले, तीही हसली. मग दुसरा घोट घेतला. हा घोट वेगळा होता. ती स्वयंपाकातलं मीठ बघावं तसं बघत होती, लक्ष देऊन. आता ती खुर्चीत मागे टेकून बसली होती.

"बरा आसा," ती म्हणाली. "पण पेज पातळ पडली तुमची. आणि तांबडी बोंडां घातलास? कळताच हा. पिवळी व्हयी होती. पिवळेत गोडी जास्त."

मामंजींनी मान डोलावली. पोस्टमास्तरांचं तोंड उघडंच राहिलं.

"अजून बोंडां आसत झाडार?" आईने विचारलं.

"पंधरा दिवसांची आसत," मामंजी म्हणाले.

आईने पेला संपवला. पदराने तोंड पुसलं आणि आरोलकरांच्या पडवीत, आरोलकरांच्या खुर्चीत बसून सांगितलं, "मगे मी उद्या कारखान्याक जाणा नाय. सकाळी सात वाजता हयसर येतंय. बुधले गरम पाण्यान धुवन ठेवा. आणि तांदूळ नवो नको, जुनो काढा."

"होय," मामंजी म्हणाले, आणि बुधले धुवायला उठले.